मिरजेचे वानलेस डॉक्टर

सांगली आणि मिरज यांच्या मधे वानलेसवाडी नावाची वस्ती आहे. तिथल्या अनेकांना हे नाव कुठून आले हे ठाऊक असते, पण पुणे जिल्ह्यात ते फारसे कुणाला माहीत नाही. हे नाव एका डॉक्टरचे आहे. विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १८६५ मध्ये कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात झाला, वैद्यकीय शिक्षण न्यूयॉर्कला झाले, आणि १८८९ मध्ये पदवी मिळताच ते पत्नी मेरी यांच्यासह जहाजाने भारतात निघाले. वय चोवीस. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चच्या मिशनने त्यांना पाठवले होते. हे मिशन आधीपासून कोल्हापूर भागात काम करत होते.

सुरुवात सांगलीत एका छोट्या दवाखान्याने झाली. मग ते मिरजेला आले आणि १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उभे राहिले. पैसा बहुतांशी अमेरिकेतील देणगीदारांचा होता. मिरज निवडण्यात व्यवहार होता असे मला वाटते. मिरज हे रेल्वेचे जंक्शन. पुण्याकडून, बेळगावकडून आणि १८९१ नंतर कोल्हापूरकडूनही गाडी येत होती. रुग्णालय कितीही चांगले असले तरी आजारी माणूस तिथपर्यंत पोहोचला पाहिजे. त्या काळात आमच्या वेल्ह्याच्या एखाद्या माणसाला मिरज गाठायची असती, तर बैलगाडीने किंवा डोलीतून भोरमार्गे नीरेपर्यंत जाऊन गाडी धरावी लागली असती. आजही केळदकडच्या एखाद्या वाडीतून पावसाळ्यात रुग्णाला खाली आणणे सोपे नाही, त्यामुळे हा मुद्दा मला फार जवळचा वाटतो.

त्या काळची शस्त्रक्रिया कशी होती, हे थोडे सांगायला हवे. जंतूंमुळे जखम चिघळते ही कल्पना जेमतेम पंचवीस-तीस वर्षे जुनी होती. भूल क्लोरोफॉर्मची. पेनिसिलिन रुग्णांच्या हाती यायला अजून पन्नास वर्षे होती. रक्त देण्याची सोय नव्हती. म्हणजे पोट उघडल्यावर आत पू झाला तर डॉक्टरकडे स्वच्छता, वेग आणि हाताची सफाई एवढेच होते. अशा परिस्थितीत वानलेस यांनी पोटाच्या आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियांमध्ये नाव मिळवले. लांबलांबच्या संस्थानांतून आणि मुंबई इलाख्याच्या दुसऱ्या टोकाहून लोक मिरजेला येऊ लागले.

सर्वांत जास्त बोलबाला झाला तो मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा. त्याआधी खेड्यात काय चालायचे? फिरते लोक यायचे, डोळ्यात सुई खुपसून पांढरा झालेला मोती मागे ढकलून द्यायचे. बोटे मोजता आली की पैसे घेऊन पुढच्या गावाला जायचे. रुग्णाला त्या दिवशी दिसायचे, हे खरे. पण मोती डोळ्यातच राहायचा. काही दिवसांत डोळ्यात पू व्हायचा किंवा दाब वाढायचा, आणि पुष्कळांचा डोळा कायमचा जायचा. तोपर्यंत तो मनुष्य दोन गावे पुढे गेलेला असायचा. रुग्णालयात मोती ढकलत नसत, तो बाहेर काढत. डोळा बधिर करण्यासाठी कोकेनचे थेंब १८८४ पासून वापरात आले होते. शस्त्रक्रियेनंतर मात्र रुग्णाला कित्येक दिवस डोके न हलवता पडून राहावे लागे आणि पुढे जन्मभर जाड भिंगाचा चष्मा. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात १९४९ ची, म्हणजे वानलेस यांच्या मृत्यूनंतरची.

इथे थोडे थांबतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या नातेवाइकांना हे सांगण्याची वेळ दर महिन्याला येते. मोतीबिंदू पिकू द्यावा लागतो, ही समजूत त्या जुन्या काळातली आहे. तेव्हाच्या पद्धतीत कच्चा मोती नीट निघत नसे. आता तसे काही राहिलेले नाही. छोट्या छेदातून मोती काढतात, भिंग बसवतात, आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. उलट फार पिकू दिला तर मोती फुटून डोळ्याचा दाब वाढतो, डोळा लाल होतो, डोके असह्य दुखते, उलट्या होतात, आणि तेव्हा नजर वाचेलच असे सांगता येत नाही. भातलावणी होऊ दे, मग दिवाळी होऊ दे, असे करत आजीला दोन वर्षे अंधारात ठेवू नका. सरकारी योजनेत ही शस्त्रक्रिया मोफत होते.

वानलेस एकटे कितीही शस्त्रक्रिया करत असले तरी पुरे पडणार नव्हते, हे त्यांच्या लवकर लक्षात आले. १८९७ मध्ये त्यांनी मिरजेत वैद्यकीय शाळा सुरू केली. तिथे शिकलेले भारतीय ख्रिस्ती तरुण पुढे वेगवेगळ्या मिशन रुग्णालयांत कामाला गेले. परिचारिकांचे शिक्षणही इथे सुरू झाले. ज्या काळात घरंदाज कुटुंबातील मुलीने परक्या पुरुषाची जखम पुसणे ही कल्पनाच कुणाला सहन होत नव्हती, त्या काळातली ही गोष्ट आहे. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कामात हे शिकवण्याचे काम सगळ्यांत मोठे. चांगला सर्जन गेला की त्याचे हात त्याच्याबरोबर जातात. त्याने शिकवलेले लोक मात्र मागे राहतात.

मग कुष्ठरोग. १९०० च्या सुमारास मिरजेत कुष्ठरुग्णांसाठी आश्रम सुरू झाला. तेव्हा उपचार म्हणून कडू कवठाचे तेल देत. त्याचा उपयोग थोडाच होता. खरा उपयोग होता तो छप्पर, जेवण आणि जखमांची मलमपट्टी यांचा, कारण घरच्यांनी बाहेर काढलेल्या माणसाला ते कुठेच मिळत नव्हते. क्षयरोगाचेही तसेच. १९२० मध्ये मिरजेबाहेर मोकळ्या जागेत क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम सुरू झाले, तीच आजची वानलेसवाडी. मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी आणि वाट पाहणे, एवढाच तेव्हाचा उपचार. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले. काही रुग्ण बरे होत, पुष्कळ होत नसत.

आज यातले काय बदलले हे क्षयरुग्णांच्या घरच्यांनी नीट समजून घ्यावे. फुफ्फुसाचा साधा क्षय सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. औषध लागू पडत असेल तर साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरण्याची भीती खूप कमी होते, म्हणून रुग्णाला गोठ्याशेजारच्या खोलीत टाकण्याची गरज नाही. ताट-वाटी वेगळी करण्याचीही नाही. बरे वाटले म्हणून तिसऱ्या महिन्यात गोळ्या सोडू नयेत, कारण मग औषधाला दाद न देणारा क्षय होतो. कुष्ठरोगाला सहा किंवा बारा महिन्यांची औषधे आहेत. अंगावर बधिर, फिकट चट्टा दिसला की लपवू नका, दाखवा. बोटे वाकण्याआधी उपचार झाला तर बोटे वाकत नाहीत.

आता धर्माचा प्रश्न. वानलेस हे मिशनरी होते आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. त्यांना पाठवणाऱ्यांच्या दृष्टीने रुग्णालय हे येशूची शिकवण लोकांपर्यंत नेण्याचे साधन होते, आणि वानलेस यांचाही त्यावर मनापासून विश्वास होता. आजारी, गरजू माणसापुढे धर्म मांडणे योग्य की नाही, यावर तेव्हाही वाद होते आणि आजही आहेत. मला स्वतःला रुग्णाच्या खाटेशेजारी औषधाखेरीज दुसरे काही सांगणे पटत नाही. पण त्या दारात येणारे बहुसंख्य रुग्ण हिंदू आणि मुसलमान होते. ते उपचार घेऊन आपल्या धर्मात आपल्या गावी परत गेले, आणि पुढच्या वेळी शेजाऱ्याला घेऊन आले. लोकांनी आपला हिशोब असा मांडला होता. याच मिशनचे डॉक्टर रॉबर्ट गोहीन वेंगुर्ल्यात रुग्णालय चालवत. वेंगुर्ल्यात जन्मलेला त्यांचा मुलगा पुढे अमेरिकेचा भारतातील राजदूत झाला.

इंग्रज सरकारने वानलेस यांना आधी कैसर-ए-हिंद पदक दिले आणि १९२८ मध्ये ‘सर’ ही पदवी. त्याच वर्षी, जवळपास एकोणचाळीस वर्षांच्या कामानंतर, ते निवृत्त झाले. रुग्णालयाची जबाबदारी त्यांचे सहकारी डॉ. चार्ल्स व्हेल यांच्याकडे गेली. मेरी यांच्या नावानेही कोल्हापुरात रुग्णालय आहे. वानलेस यांनी आपल्या कामावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले आणि १९३३ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले. मिरजेत पुढे दवाखाने वाढतच गेले, १९६२ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातले लोक अवघड दुखण्यासाठी आजही मिरजेची गाडी धरतात.