सुभेदार रामजींची दुसरी नोकरी

बाबासाहेबांच्या वडिलांबद्दल तुम्हाला काय आठवतं? सुभेदार, बस. पण वर्दी उतरल्यावर हा माणूस काय करत होता, हे आपण फारसं विचारत नाही.

रामजी सकपाळ मूळचे आंबडव्याचे. लष्करी शाळेत 14 वर्षं हेडमास्तर. 1894 च्या सुमारास ते महूहून निवृत्त झाले, तेव्हा भीमराव जेमतेम तीन वर्षांचे होते. पेन्शन होतं, पण घरात खाणारी तोंडंही बरीच होती. दापोलीत काही काळ राहून रामजी साताऱ्याला आले आणि सार्वजनिक बांधकाम खात्यात स्टोअरकीपर झाले. शिकवणारा माणूस आता सामानाच्या नोंदी ठेवू लागला. त्याच काळात लष्कराने महारांची भरती बंद केली होती. म्हणजे ज्या दारातून रामजी वर आले, ते मुलांसाठी बंद! त्याविरुद्धचा अर्ज तयार करायला त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली.

पुढे खटाव तालुक्यातल्या गोरेगावला ते खजिनदार झाले. दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून तिथे सरकारी तलावाची खोदाई चालू होती. 1901 च्या सुट्टीत भीम, मोठा भाऊ आणि भाचा त्यांना भेटायला निघाले. छान कपडे, मसूर स्टेशन, पण घ्यायला कोणीच नाही. येतोय असं कळवणारं पत्र नोकराने रामजींना दिलंच नव्हतं. पोरं महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा नूर पालटला. दुप्पट भाडं देऊन बैलगाडी मिळाली, तीही पोरांनी स्वतः हाकायची. रात्र पाण्याविना गेली. पलटणीतला सुभेदारसाहेबांचा मान या रस्त्यावर पोरांच्या काहीच कामाचा नव्हता.

मग मुंबई, परळची चाळ, एकच खोली. रामजी भीमला लवकर झोपवायचे, स्वतः दोनपर्यंत जागायचे, मग त्याला अभ्यासाला उठवून आडवे व्हायचे. मला विचाराल तर त्यांची खरी दुसरी नोकरी हीच.

1913 मध्ये भीमराव वडिलांचं न ऐकता बडोद्याला नोकरीवर गेले. काही दिवसांतच वडील गंभीर आजारी असल्याची तार आली. वटारहून नालासोपाऱ्याला येऊन तुम्ही ज्या मार्गावरची लोकल पकडता, त्याच मार्गाने ते मुंबईकडे निघाले. वाटेत वडिलांसाठी मिठाई घ्यायला सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. घरी पोचले तेव्हा रामजींमध्ये थोडीच धुगधुगी उरली होती. तारीख 2 फेब्रुवारी.