विश्लेषण : ७१ तास न झोपता सायकल चालवणारा शार्ल तेराँ कोण होता?

उमरीहून सायकलने निघायचे, मुंबईला जाऊन समुद्र पाहायचा आणि न थांबता उमरीला परत यायचे. अंतर साधारण १२०० किलोमीटर भरते. फ्रान्समध्ये पॅरिसपासून अटलांटिक किनाऱ्यावरच्या ब्रेस्ट बंदरापर्यंत जाऊन परत येण्याचे अंतरही एवढेच आहे. १८९१ मध्ये शार्ल तेराँ या सायकलपटूने ते साधारण ७१ तासांत पार केले. आज दर चार वर्षांनी हजारो हौशी सायकलपटू याच वाटेने जातात आणि त्यात महाराष्ट्रातले लोकही असतात. त्यांच्या आधी ही वाट जिंकणाऱ्या माणसाची ही गोष्ट.

तेराँ कोण होता?

शार्ल तेराँचा जन्म १८५७ मध्ये पॅरिसला लागून असलेल्या सेंत-उआं या कष्टकऱ्यांच्या वस्तीत झाला. तो तरुण झाला तेव्हा फ्रान्समध्ये सायकल नवी होती. पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच, मागचे अगदी छोटे आणि टायर भरीव रबराचे. अशा सायकलवरून पडणारा थेट तोंडावर पडत असे. तेराँ आणि त्याचा भाऊ ज्यूल दोघेही शर्यतींत उतरले.

नाव आणि पैसा मिळवायला तेराँला इंग्लंडला जावे लागले. लंडनमध्ये तेव्हा बंद सभागृहात सहा दिवसांच्या शर्यती होत. रविवारी खेळ चालत नसल्याने सोमवार ते शनिवार सायकल चालवायची आणि सर्वांत जास्त अंतर कापणारा जिंकायचा. १८७९ मध्ये अशा एका शर्यतीत तेराँ दुसरा आला. त्याच वर्षी इंग्रज सायकलपटूंबरोबर तो अमेरिकेलाही गेला. रोज तासन् तास खोगिरावर बसून राहण्याची सवय त्याला या सहा दिवसांच्या शर्यतींनीच लावली.

मोठ्या शर्यतीपासून तो दूर का राहिला?

मे १८९१ मध्ये बोर्दो ते पॅरिस ही सुमारे ५७० किलोमीटरची शर्यत झाली. इंग्लंडच्या जी. पी. मिल्सने ती साडेसव्वीस तासांच्या आसपास जिंकली आणि पहिले चारही क्रमांक इंग्रजांनी पटकावले. फ्रेंचांना हे फार लागले. त्यांचा सर्वांत अनुभवी खेळाडू तेराँ या शर्यतीत नव्हताच.

त्या काळी बक्षिसाच्या पैशावर जगणारे ते व्यावसायिक आणि घरची ऐपत असलेले ते हौशी, अशी पक्की विभागणी होती. इंग्रज हौशी खेळाडू व्यावसायिकांबरोबर उतरत नसत, म्हणून ही शर्यत फक्त हौशींसाठी ठेवली गेली. तेराँची रोजीरोटी सायकलवर चालत होती. त्यामुळे आपल्याच देशातली सर्वांत मोठी शर्यत त्याला बाहेरून पाहावी लागली. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस कशी सुरू झाली?

ल पती जुर्नाल या पॅरिसमधल्या मोठ्या खपाच्या दैनिकाचे पत्रकार पियेर जिफार यांनी आणखी मोठी शर्यत जाहीर केली. पॅरिसहून ब्रेस्ट आणि तिथून परत पॅरिस. ती केवळ फ्रेंच पुरुषांसाठी होती, मात्र व्यावसायिकांना मज्जाव नव्हता. वृत्तपत्राला खप हवा होता आणि सायकल कारखान्यांना जाहिरात. एवढे अंतर माणसाला आणि यंत्राला झेपते का, हे कुणालाच माहीत नव्हते.

मुख्य नियम एकच होता. निघताना प्रत्येक सायकलला शिक्का मारला जाई आणि परतताना तीच सायकल दाखवावी लागे. पुढे राहून वारा अडवणारे सोबती चालत, पण वाटेत सायकल बदलता येत नसे. ६ सप्टेंबर १८९१ च्या पहाटे पॅरिसमधून २०६ जण निघाले.

सायकल आणि रस्ते कसे होते?

उंच चाकाची सायकल तोवर मागे पडली होती आणि दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल आली होती. तिला गिअर नव्हते. मागचे चाक फिरत असेपर्यंत पेडलही फिरत राही, त्यामुळे उतारावरसुद्धा पायांना विसावा नव्हता. रस्ते खडी दाबून केलेले होते, डांबर नव्हते. पावसात चिखल, उन्हात धूळ आणि रात्री उजेडाला एक छोटा दिवा.

ब्रेस्टची वाट ब्रिटनी प्रांतातून जाते. तिथे डोंगर उंच नाहीत, पण रस्ता सपाटही नाही. एक चढ संपला की लगेच दुसरा सुरू होतो. कुंपणाच्या झुडपांमधून जाणारे रस्ते, गाईंची कुरणे, सफरचंदाच्या बागा, दगडी घरांची छोटी गावे आणि किनारा जवळ आला की समोरून येणारा समुद्राचा वारा. दिवसा हा शांत मुलूख सुखाचा वाटतो. तिसऱ्या रात्री मात्र हीच शांतता झोप आणते.

शर्यतीत काय घडले?

तेराँचा खरा प्रतिस्पर्धी होता बोर्दोचा जिएल-लाव्हाल. मे महिन्यातल्या शर्यतीत फ्रेंचांमध्ये तोच पहिला आला होता. त्याच्या सायकलला डनलॉपचे टायर होते, तर तेराँच्या हंबर सायकलला मिशेलिनचे. पंक्चरमुळे तेराँचा वेळ गेला आणि ब्रेस्टला जिएल-लाव्हाल आधी पोहोचला.

परतीच्या वाटेवर, तिसऱ्या रात्री चित्र पालटले. जिएल-लाव्हाल गँगाँ या गावी झोपायला थांबला. तेराँचा व्यवस्थापक एच. ओ. डंकन याने हीच संधी साधली. कुठलाही गाजावाजा न करता त्याने तेराँला गावातून पुढे काढले. जिएल-लाव्हाल जागा झाला तेव्हा तेराँ बराच पुढे निघून गेला होता.

९ सप्टेंबरच्या सकाळी तेराँ पॅरिसला पोहोचला. हजारो माणसे त्याला पाहायला जमली होती. साधारण ७१ तासांत तो एकदाही झोपला नव्हता. जिएल-लाव्हाल त्याच्यामागून सुमारे ८ तासांनी आला. निघालेल्या २०६ जणांपैकी शंभरच्या आसपासच परत आले, त्यांतल्या काहींना अनेक दिवस लागले.

टायरचा वाटा किती?

बराच मोठा. डनलॉपने हवेचा टायर आणल्याला तेव्हा तीन वर्षेच झाली होती. तो टायर रिंगला घट्ट चिकटवलेला असे. पंक्चर काढायचे म्हणजे टायर सोडवा, ट्यूब जोडा, पुन्हा चिकटवा आणि वाळेपर्यंत थांबा. मिशेलिनचा टायर रिंगवर स्क्रूंनी बसवलेला होता, त्यामुळे तो पान्ह्याने काढता-घालता येत असे आणि काम किती तरी लवकर होई. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात काही मिनिटांत पंक्चर निघते, कारण टायर सहज निघतो. या सोयीची पहिली मोठी जाहिरात तेराँच्या विजयाने झाली.

पुढे तेराँचे काय झाले?

फ्रान्समधल्या पहिल्या मोठ्या क्रीडातारकांमध्ये त्याची गणना होऊ लागली. फेब्रुवारी १८९३ मध्ये पॅरिसच्या एका प्रचंड बंदिस्त दालनात त्याने ज्याँ-मारी कोर याच्याशी १००० किलोमीटरचा सामना लावला आणि ४२ तासांच्या आत जिंकला. त्याच वर्षी तो रशियातल्या सेंट पीटर्सबर्गहून सायकलने निघाला आणि सुमारे ३००० किलोमीटर कापून १४ दिवस ७ तासांत पॅरिसला पोहोचला. त्याच्या आठवणींचे पुस्तकही १८९३ मध्येच निघाले. त्याचा मृत्यू १९३२ मध्ये मार्सेय येथे झाला.

आज या शर्यतीचे काय?

पहिली शर्यत इतकी खडतर ठरली की ती दर दहा वर्षांनीच घ्यायचे ठरले. १९०१ मध्ये मॉरिस गारँने ती ५२ तास ११ मिनिटांत जिंकली. हाच गारँ १९०३ मध्ये पहिल्या टूर द फ्रान्सचा विजेता झाला. पॅरिस-ब्रेस्ट नावाची, सायकलच्या चाकासारखी गोल मिठाईही या शर्यतीवरून आली.

व्यावसायिकांची शेवटची शर्यत १९५१ मध्ये झाली. हौशींसाठीची फेरी १९३१ पासून होती, ती टिकली. आता ती दर चार वर्षांनी होते. २०२३ नंतरची पुढची २०२७ मध्ये आहे. पूर्ण करायला जास्तीत जास्त ९० तास मिळतात. विजेता जाहीर होत नाही. स्त्रिया आणि परदेशी सायकलपटूही भाग घेतात. वाट आता गर्दीच्या हमरस्त्यांऐवजी खेड्यापाड्यांतून जाते. ब्रिटनीतले गावकरी रात्री-अपरात्री दारात टेबल मांडून अनोळखी सायकलपटूंना कॉफी आणि धिरडी देतात.

भाग घ्यायचा तर काय लागते?

त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे म्हणजेच बीआरएम पूर्ण कराव्या लागतात. त्यांची वेळमर्यादा अनुक्रमे साडेतेरा, २०, २७ आणि ४० तास आहे. पहिला टप्पा म्हणजे जवळपास उमरीहून नांदेडमार्गे लातूर गाठण्याएवढा. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर येथे बीआरएम नियमित होतात. महागडी सायकल सक्तीची नाही. रात्री मात्र पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारे जॅकेट लागतेच.

तेराँचे काय घ्यावे, काय सोडावे?

तेराँ सर्वांत वेगवान होता म्हणून जिंकला असे म्हणता येत नाही. तो कमी थांबला, पंक्चरमध्ये त्याचा वेळ कमी गेला आणि तो झोपला नाही. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आजही प्रत्येक बीआरएममध्ये उपयोगी पडतात. तिसरी मात्र धोक्याची आहे. तेराँच्या रस्त्यावर मोटारींची वर्दळ नव्हती. आज डोळा लागलेल्या सायकलस्वाराच्या मागून ट्रक येत असतो. ७१ आणि ९० तासांमध्ये १९ तासांचे अंतर आहे. जाणते सायकलपटू त्यातला काही वेळ झोपेसाठी राखून ठेवतात.