शिशाचा माग काढणारी बाई

माझे वडील खिळेजुळारी होते. आजच्या मुलांना हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही. संगणक येण्यापूर्वी छापखान्यातले प्रत्येक अक्षर शिशाचे असे आणि ते माणसाच्या बोटांनी उचलून ओळीत बसवावे लागे. डाव्या हातात स्टिक धरून वडील समोरच्या केसमधल्या खणांतून काना, मात्रा, वेलांटी न बघता वेचत. लग्नपत्रिका, हँडबिले, शाळेची क्रमिक पुस्तके, सारे त्यांच्या बोटांखालून जाई. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या बोटांची टोके करडी दिसत. आई त्यांना आधी मोरीत पाठवी आणि हात स्वच्छ झाल्याखेरीज आम्हा भावंडांना जवळ घेऊ देत नसे. दुपारचा डबा मात्र ते त्याच हातांनी, त्याच केसशेजारी बसून खात. छापखान्यात कामगारांना गूळ वाटला जाई. गूळ खाल्ला की शिसे बाधत नाही, अशी समजूत होती.

चाळिशीनंतर वडिलांच्या पोटात अधूनमधून कळा येऊ लागल्या. पुढे उजवे मनगट दगा देऊ लागले, भरलेला तांब्या उचलताना हात लुळा पडल्यासारखा खाली जाई. औषध झाले ते पित्ताचे आणि संधिवाताचे. शिसे हा शब्द कोणीच उच्चारला नाही. वडील गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी डॉ. ॲलिस हॅमिल्टन या अमेरिकन बाईंचे १९४३ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र माझ्या हाती आले. त्यातले शिशाच्या विषबाधेचे वर्णन वाचताना मी मध्येच पुस्तक मिटले. पोटातल्या कळा, लुळे मनगट, फिकट चेहरा. हे सारे मी घरात पाहिले होते. तेव्हापासून या बाईंविषयी मिळेल ते वाचत आलो आहे.

ॲलिस हॅमिल्टन यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. बालपण गेले इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावी, आजीच्या मोठ्या वाड्यात, बहिणी आणि चुलत भावंडांच्या गोतावळ्यात. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचे, असा घराचा रिवाज होता. थोरली बहीण एडिथ पुढे ग्रीक संस्कृतीवरील पुस्तकांमुळे जगभर वाचली गेली. वडिलांचा व्यवसाय बुडाला तेव्हा मुलींनी आपापल्या पायांवर उभे राहणे भाग पडले. ॲलिसने वैद्यक निवडले ते अशा विचाराने की डॉक्टर जगात कोठेही गेला तरी त्याचा कोणाला ना कोणाला उपयोग होतो. १८९३ साली त्यांनी मिशिगन विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली. मग जंतुशास्त्राच्या अभ्यासासाठी त्या एडिथसह जर्मनीला गेल्या. तेथे बायकांना व्याख्यानांना बसू दिले जाई, पण कोणाच्या नजरेत न येता, गुपचूप.

१८९७ साली नोकरीनिमित्त त्या शिकागोत आल्या आणि जेन ॲडम्स यांच्या ‘हल हाऊस’मध्ये राहू लागल्या. शिकलेल्या माणसांनी गरिबांच्या वस्तीत जाऊन त्यांचे शेजारी म्हणून राहावे, अशी ही संस्था. भोवताली इटलीतून, पोलंडमधून, रशियातून आलेल्या कुटुंबांची दाटीवाटीची घरे होती. हॅमिल्टनबाई दिवसा कॉलेजात शिकवीत आणि उरलेल्या वेळात हल हाऊसमध्ये तान्ह्या बाळांचा दवाखाना चालवीत. बाळांना न्हाऊ घालता घालता त्यांच्या आया बोलू लागत. घरधन्याचा खोकला, त्याची हरपलेली भूक, कारखान्यातून परतल्यावरची त्याची थरथर. औद्योगिक आरोग्याचे पहिले धडे हॅमिल्टनबाई अशा बायकांपाशीच शिकल्या.

१९०२ साली शिकागोत विषमज्वराची साथ आली. हल हाऊसच्या वस्तीत तिचा जोर सर्वाधिक होता. तेथल्या घरांमागे उघडे संडास होते आणि माश्या घोंघावत होत्या. बाईंनी दोन सहकारी स्त्रियांसह संडासांतून आणि स्वयंपाकघरांतून माश्या गोळा केल्या, त्या द्रावणाच्या नळ्यांत सोडल्या आणि जंतू सापडल्याचे दाखवून दिले. निबंध गाजला, आरोग्य खात्यावर टीकेची झोड उठली, खात्याची फेररचना झाली, बाईंचे नाव झाले. नंतर खरी गोष्ट कळली. पाण्याच्या पंपिंग स्टेशनात बिघाड होऊन तीन दिवस सांडपाणी नळात मिसळत राहिले होते आणि अधिकाऱ्यांनी ते दडपले होते. साथीचे मुख्य कारण माश्या नव्हत्या. ही चूक बाईंनी लपवली नाही. आत्मचरित्रात त्यांनी ती स्वतःहून सांगितली आहे आणि त्या खोट्या कीर्तीने पुढे कितीतरी वर्षे आपला पिच्छा पुरवला याची खंतही व्यक्त केली आहे. मला वाटते, त्यांच्या पुढच्या कामातली चिकाटी येथेच जन्मली असावी. पटण्याजोगे उत्तर सापडले म्हणून थांबायचे नाही आणि अधिकारी सांगतील त्यावर विसंबायचे नाही, हे त्या या साथीत शिकल्या.

त्या काळी अमेरिकेत असा समज होता की व्यवसायजन्य आजार ही युरोपातली भानगड आहे. आपले कारखाने आधुनिक, आपले कामगार धडधाकट. आजार नव्हते असे नाही, त्यांची नोंद नव्हती. १९१० साली इलिनॉय राज्याने या आजारांची पाहणी हाती घेतली आणि तिची सूत्रे हॅमिल्टनबाईंकडे दिली. देशातली अशा प्रकारची ही पहिली पाहणी. बाईंनी स्वतःकडे विषय घेतला तो शिशाचा.

त्या काळी शिसे कुठे नव्हते? घराला द्यायच्या रंगात सफेदा, म्हणजे शिशाचीच पांढरी पूड. लोखंडाला गंज चढू नये म्हणून फासायचा तांबडा रंग, म्हणजे आपला शेंदूर, तोही शिशाचाच. सफेद्याच्या कारखान्यात ही पूड वाळवायची, दळायची, पिंपांत भरायची. हवा धुळीने पांढरी होई. मालक सांगत की कामगार घाणेरडे, हात न धुता जेवतात, म्हणून आजारी पडतात. बाईंनी सिद्ध केले की मुख्य विष हातावाटे जात नाही, श्वासावाटे जाते. हात कितीही धुतले तरी माणसाला श्वास घ्यावाच लागतो. धूळ आवरायची जबाबदारी त्यामुळे मालकावर येऊन पडली. हा मुद्दा वाचताना आमच्या मोरीतला साबण आणि छापखान्यातला गूळ मला आठवल्यावाचून राहिला नाही.

त्यांची काम करण्याची रीत साधी आणि पायपिटीची होती. मालकाने दाखवलेला कारखाना त्या पाहत, पण तेवढ्यावर थांबत नसत. रुग्णालयांची जुनी दप्तरे चाळत. औषधवाल्याला, धर्मगुरूला, कामगार पुढाऱ्याला गाठत. मग दुभाषा घेऊन कामगाराच्या घरी जात. कारखान्यात नोकरीच्या भीतीने गप्प बसणारा माणूस आपल्या घरात मोकळेपणाने बोले.

एकदा रुग्णालयात एक पोलिश कामगार शिशाच्या विषबाधेने आजारी असल्याचे त्यांना आढळले. तो न्हाणीघरातल्या बिडाच्या टबांवर एनॅमल चढवायचे काम करी. बाई कारखान्यात गेल्या. येथे शिसे वापरतच नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले आणि कामही दाखवण्यात आले. धोक्याचे काही दिसेना. त्यांनी त्या कामगाराचे घर शोधून काढले. तेव्हा उलगडा झाला की त्यांनी पाहिली ती केवळ शेवटची रंगसफाई. खरे एनॅमलचे काम दुसऱ्याच जागी चालते. तेथली पूड मिळवून तपासली तर तिच्यात २० टक्क्यांपर्यंत विद्राव्य शिसे निघाले. अशा तऱ्हेने शिशाची बाधा होऊ शकेल अशा सत्तरहून अधिक प्रक्रिया या पाहणीने उजेडात आणल्या. १९११ साली इलिनॉयने कायदा केला. धोक्याच्या धंद्यांत सुरक्षेची साधने आणि कामगारांची दरमहा वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली.

त्या भांडखोर नव्हत्या. बोलणे मृदू, पोशाख साधा, पण हातात नावनिशीवार पुरावा. नॅशनल लेड कंपनीचे एडवर्ड कॉर्निश आपल्या कारखान्यात विषबाधा होते हे मानायला तयार नव्हते. पटवून द्या, मग तुम्ही सांगाल ते करीन, अशी त्यांची तयारी होती. बाईंनी विषबाधेने रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्या २२ कामगारांच्या नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या. कॉर्निश यांनी शब्द पाळला. धूळ खेचून घेणारी यंत्रे बसली, डॉक्टर नेमले गेले.

१९११ पासून बाई केंद्र सरकारच्या श्रम विभागासाठी देशभर हिंडल्या. पगार नाही, अहवाल पसंत पडला तर सरकार तो विकत घेणार, असा करार. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याचे कारखाने कोठे आहेत हे गुपित होते. आकाशात पिवळट-नारिंगी धूर दिसला की त्या दिशेने चालत जायचे, ही त्यांची युक्ती. पिक्रिक आम्लात काम करून कातडीपासून केसांपर्यंत पिवळे पडलेले कामगारही त्यांना वाट दाखवीत. १९१७ साली छपाई व्यवसायातल्या आरोग्याचीही त्यांनी पाहणी केली. खिळे ओतणारे, जुळवणारे, ते वितळवणारे, सारे तिच्यात आले. माझे वडील तेव्हा जन्मलेही नव्हते.

१९१९ साली हार्वर्ड विद्यापीठाला या विषयाचा जाणकार हवा होता आणि देशात त्यांच्या तोडीचा पुरुष सापडेना. तेव्हा विद्यापीठाने त्यांना सहायक प्राध्यापक नेमले. हार्वर्डच्या अध्यापकवर्गातली ही पहिली स्त्री. अटी मात्र तीन: अध्यापकांच्या क्लबात जायचे नाही, फुटबॉलच्या तिकिटांवर हक्क सांगायचा नाही, पदवीदान समारंभाच्या मिरवणुकीत चालायचे नाही. बाईंनी आपली अट घातली की वर्षातले सहाच महिने शिकवीन, उरलेले पाहणीला हवेत. १९३५ साली त्या निवृत्त झाल्या तेव्हाही सहायक प्राध्यापकच होत्या.

त्यांच्या आयुष्यातला मोठा पराभव १९२५ सालचा. मोटारीच्या इंजिनातली ठोठो थांबावी म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग घालण्याची टूम निघाली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात हे संयुग बनवताना पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे सरकारने परिषद भरवली. बाईंचे म्हणणे थोडक्यात असे होते: कारखान्याच्या चार भिंतींतली धूळ आवरता येईल, पण देशभरच्या रस्त्यांवर सांडणारे शिसे कोण आवरणार? दुसरा पर्याय शोधा. सरकारी समितीने ओहायो राज्यातले २५२ वाहनचालक आणि गॅरेजमधले कामगार काही महिने तपासले आणि बंदी घालण्याजोगा पुरावा नाही, असा निर्वाळा १९२६ साली दिला. पुढेही अभ्यास चालू ठेवा, असे समितीने सुचवले होते. ती सूचना तेवढी कागदावर राहिली.

त्यानंतर काय झाले ते आपण सर्वांनी श्वासावाटे घेतले आहे. अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल पूर्ण बंद झाले १९९६ साली. मुंबईसह आपल्या चार महानगरांत १९९५ मध्ये नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आले आणि देशभर शिसे हद्दपार झाले १ फेब्रुवारी २००० पासून. जगातला अखेरचा देश अल्जीरिया. तेथे हे घडले २०२१ साली. बाईंनी धोक्याची घंटा वाजवल्यापासून ९६ वर्षांनी. निरुपद्रवी असल्याचे सिद्ध करा, असे विकणाऱ्याला कोणी म्हटले नाही. अपाय होतो हे सिद्ध करायचे ओझे लहान मुलांच्या मेंदूवर टाकले गेले.

घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियम रंगवणाऱ्या मुलींपासून कृत्रिम रेशमाच्या कारखान्यांतल्या कामगारांपर्यंत बाईंचे काम पुढेही चालूच राहिले. २२ सप्टेंबर १९७० रोजी कनेक्टिकटमधल्या हॅडलाइम गावी, वयाच्या १०१ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. तीनच महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कामाच्या जागेतील सुरक्षेचा आणि आरोग्याचा कायदा अमेरिकेत साऱ्या देशासाठी झाला.

शिसे मात्र संपलेले नाही. जुन्या बॅटऱ्या फोडून गल्लीबोळात ते आजही वितळवले जाते. जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ते घातक प्रमाणात असावे, असा युनिसेफचा २०२० सालचा अंदाज आहे.

वडिलांचे दुखणे शिशाचे होते की नाही, हे आता कळायचा मार्ग नाही. त्यांचे रक्त कोणी तपासले नाही. छापखान्याने काही लिहून ठेवले नाही आणि तो छापखानाही ऑफसेटच्या लाटेत बंद पडला. पण हॅमिल्टनबाई आमच्या गल्लीत आल्या असत्या, तर त्या मालकाच्या खोलीत फार वेळ बसल्या नसत्या, एवढे मला ठाऊक आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन त्यांनी आईला विचारले असते. कळा कधीपासून येतात, कामाला सुट्टी असली की उतार पडतो का, तांब्या कोणत्या हातातून निसटतो. आईला सारे पाठ होते. तिला विचारायला कोणी आले नाही.