शांतिब्रह्म संत श्री एकनाथ महाराज आणि गावोगावचे भारूड

ठाणे शहराच्या उत्तरेस, उल्हास खाडीच्या काठी वसलेले कोलशेत हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. कारखाने आले, रस्ते रुंद झाले, उंच इमारती उभ्या राहिल्या. तरीही या पट्ट्यातील गावठाणांतून वारकरी संप्रदायाची परंपरा टिकून आहे. टाळ-मृदंगाच्या गजरात भजन होते, हरिनाम सप्ताह बसतो, कीर्तन रंगते आणि भारूडही सादर होते. दिवसभर कष्ट करणारा एखादा ग्रामस्थ रात्री वासुदेवाची मोरपिसांची टोपी घालतो किंवा गोंधळ्याची संबळ गळ्यात अडकवतो आणि सर्वांना हसवता हसवता वेदान्ताचे मर्म सांगून जातो. ही लोककला घरोघरी पोहोचवणारे महापुरुष म्हणजे पैठणचे शांतिब्रह्म संत श्री एकनाथ महाराज. त्यांचे पुण्यस्मरण भाविकांस व्हावे, म्हणून त्यांचे चरित्र येथे संक्षेपाने देत आहोत.

जन्म व बालपण

श्री एकनाथ महाराजांचा जन्म इ. स. १५३३च्या सुमारास गोदावरीतीरावरील पैठण या प्राचीन नगरीत झाला. पूर्वी प्रतिष्ठान या नावाने प्रसिद्ध असलेली ही नगरी विद्वानांचे माहेरघर होती. नाथांचे पणजोबा संत भानुदास हे थोर विठ्ठलभक्त होते. विजयनगरला नेलेली पंढरीच्या पांडुरंगाची मूर्ती त्यांनीच परत आणली, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. नाथांच्या पित्याचे नाव सूर्यनारायण व मातेचे नाव रुक्मिणी होते. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपल्याने आजोबा चक्रपाणी व आजी यांनी त्यांचे संगोपन केले. लहान वयातच त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. इतर मुले खेळात रमत असता हा बालक देवपूजा आणि पुराणश्रवण यांत दंग असे.

गुरुसेवा

वयाच्या बाराव्या वर्षी गुरूच्या शोधार्थ नाथांनी घर सोडले व ते देवगिरीस पोहोचले, असे चरित्रकार सांगतात. देवगिरी म्हणजेच दौलताबाद त्या वेळी अहमदनगरच्या निजामशाहीत होते आणि श्री जनार्दनस्वामी हे तेथील किल्लेदार होते. स्वामी राज्यकारभार सांभाळत असतानाच परमार्थातील अधिकारी पुरुष म्हणून विख्यात होते. नाथांनी त्यांची मनोभावे सेवा केली. हिशेब लिहिण्याचे काम त्यांच्याकडे होते. एके रात्री हिशेबात एका दमडीची चूक राहिली. ती सापडेपर्यंत नाथ दिव्यापाशी बसून राहिले आणि चूक सापडताच त्यांना आनंदाचे भरते आले. हे पाहून, एका दमडीसाठी जी एकाग्रता लाभली ती ईश्वराच्या ठायी लागली तर जन्माचा हिशेब चुकता होईल, असा उपदेश स्वामींनी केला. पुढे गुरूच्या आज्ञेने नाथांनी देवगिरीजवळच्या शूलिभंजन पर्वतावर अनुष्ठान केले, गुरूंसमवेत तीर्थयात्रा केली आणि त्र्यंबकेश्वरी चतुःश्लोकी भागवतावर मराठी ओवीबद्ध टीका लिहिली.

पैठणास परतल्यावर गुरूंच्या आज्ञेने त्यांनी गृहस्थाश्रम स्वीकारला. सौ. गिरिजाबाई त्यांना अनुरूप अशी सहधर्मचारिणी लाभली. हरिपंडित हा पुत्र आणि गोदा व गंगा या दोन कन्या अशी त्यांची संतती होती. गोदाबाईंचे पुत्र मुक्तेश्वर हे पुढे मराठीतील नामवंत कवी झाले. नाथांच्या वाड्यात पहाटेपासून पूजा, पुराण, अन्नदान व रात्री कीर्तन असा नित्यक्रम चाले आणि दारी आलेला अतिथी विन्मुख जात नसे.

मराठी ग्रंथरचना व काशीची कसोटी

त्या काळी धर्मग्रंथ संस्कृतात होते. स्त्रिया, शेतकरी, कारागीर यांना त्या ज्ञानाचे दार बंद होते. संस्कृतावर प्रभुत्व असूनही नाथांनी आपली लेखणी मराठीसाठी वाहिली. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनी ओवीबद्ध भाष्य आरंभिले. त्यातील काही अध्याय काशीस पोहोचले, तेव्हा प्राकृत भाषेत भागवत आणले म्हणून तेथील विद्वान रुष्ट झाले व नाथांना काशीस पाचारण करण्यात आले, अशी कथा परंपरेत आहे. नाथ निर्भयपणे गेले. त्यांच्या मुखातून ग्रंथ ऐकल्यावर विरोध मावळला आणि काशीकरांनी ग्रंथाचा सन्मान केला. एकतीस अध्याय व सुमारे १८ हजार ८०० ओव्यांचा हा ग्रंथ काशी येथेच इ. स. १५७३ मध्ये पूर्ण झाला. तोच एकनाथी भागवत या नावाने आज वारकरी संप्रदायाच्या प्रस्थानत्रयीत ज्ञानेश्वरी व तुकाराम महाराजांची गाथा यांच्यासमवेत पूजिला जातो.

त्याआधी इ. स. १५७१ मध्ये त्यांनी रुक्मिणीस्वयंवर रचले होते. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत तीन शतकांच्या ओघात अनेक पाठभेद शिरले होते. नाथांनी निरनिराळ्या प्रती पडताळून इ. स. १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी त्यात पदरची ओवी घालू नये, असे विनविले. आज घरोघरी ज्ञानेश्वरीचे पारायण होते, त्यामागे नाथांचे हे परिश्रम आहेत.

गावची सोंगे, देवाचा बोध

ग्रंथ मराठीत आले, तरी ज्याला अक्षरओळख नाही त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर नाथांनी गावच्या जीवनातच शोधले. त्या काळच्या गावात पहाटे वासुदेव येई, दुपारी कुडबुड्या जोशी भविष्य सांगे, जोगवा मागणारी दारी उभी राही, रात्री गोंधळी देवीचा गोंधळ घाली. कोल्हाटीण दोरावर कसरत करी, फकीर दान मागे. आंधळे, पांगळे हे वाटेवर बसलेले असत. ही माणसे गावाची करमणूक करीत, परंतु त्यांना मान नव्हता. नाथांनी या सर्वांना आपल्या काव्यात बोलते केले. सुमारे तीनशे भारुडे त्यांच्या नावावर आहेत.

भारुडाचा वरचा अर्थ गावच्या व्यवहारातला असतो व आतला अर्थ परमार्थाचा असतो. जोगवा मागणारी स्त्री धान्याऐवजी ज्ञानाचे दान मागते. विंचू चावल्याने तळमळणारा माणूस प्रेक्षकांना हसवतो; पण तो विंचू म्हणजे काम-क्रोध आणि त्यावरील उतारा म्हणजे सत्त्वगुण, हे कळताच हसणारा अंतर्मुख होतो. संसाराला त्रासलेली सासुरवाशीण देवीला नवस बोलते, तेव्हा मनातील विकारच तिच्या सासरच्या माणसांच्या रूपाने उभे राहतात. श्रोत्याला हा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. कारण विंचवाचा दंश आणि सासुरवास दोन्ही त्याच्या ओळखीचे असतात.

सोंगी भारुडात कलावंत वेशभूषा करून उभा राहतो, टाळकरी ध्रुपद धरतात, पखवाजाच्या ठेक्यावर नृत्य होते, आणि मधून मधून प्रेक्षकांशी संवाद साधत अर्थ उलगडला जातो. भजनी भारूड वेशाशिवाय, केवळ गायनातून म्हटले जाते. यास रंगमंच वा पडदा लागत नाही. देवळापुढचे अंगण, चार टाळकरी आणि ऐकण्यास उत्सुक असा गाव एवढी सामग्री पुरते. म्हणूनच साडेचारशे वर्षांत अनेक राजवटी आल्या आणि गेल्या, पण भारूड टिकले.

समतेचे आचरण

नाथांनी जे सांगितले ते आचरणात आणले. पितृश्राद्धाच्या दिवशी स्वयंपाकाचा सुगंध सुटला असता, त्या काळी अस्पृश्य मानलेले एक भुकेले कुटुंब वाड्यावरून जात होते. नाथ व गिरिजाबाई यांनी श्राद्धाचे ते अन्न त्यांना प्रेमाने वाढले व ब्राह्मणांसाठी नव्याने स्वयंपाक केला. निमंत्रितांनी भोजनावर बहिष्कार टाकला, तेव्हा पितर स्वतः येऊन जेवले, अशी कथा आहे. गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणारे अंत्यजाचे मूल त्यांनी कडेवर घेऊन घरी पोहोचविले. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराऐवजी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली. नदीवरून परतताना अंगावर वारंवार थुंकणाऱ्यावरही ते रागावले नाहीत. प्रत्येक वेळी पुन्हा स्नान करून आले. शांतिब्रह्म ही पदवी त्यांना अशा आचरणातून लाभली.

घरातील परीक्षा

नाथांची सर्वांत कठीण परीक्षा मात्र काशीच्या सभेत झाली नाही, ती स्वतःच्या घरात झाली. पुत्र हरिपंडित हे शास्त्रपारंगत होते. पित्याने मराठीत पुराण सांगावे, कोणाच्याही घरचे अन्न घ्यावे, हे त्यांना रुचेना. अखेर ते घर सोडून काशीस निघून गेले. वृद्धापकाळी पुत्र व नातवंडे दुरावल्याचे दुःख थोर होते. नाथ स्वतः काशीस गेले. परान्न घेऊ नये व मराठीत पुराण सांगू नये, या दोन अटी हरिपंडितांनी घातल्या, आणि नाथांनी त्या मान्य केल्या. ज्यांच्यासाठी काशीच्या विद्वानांपुढे ते उभे राहिले होते, ती मराठी कथा त्यांनी पुत्रासाठी थांबविली.

वाड्यात आता हरिपंडित संस्कृतातून पुराण सांगू लागले. ते विद्वत्तापूर्ण होते, परंतु श्रोते दिवसेंदिवस ओसरू लागले. अशात एक निर्धन वृद्धा नाथांकडे आली. पतीच्या हयातीत तिने सहस्रभोजनाचा संकल्प केला होता, आणि आता तिच्यापाशी एकाच्या भोजनापुरतेही कष्टाने जुळत होते. नाथांसारख्या एका सत्पुरुषास जेवू घातल्यास संकल्प पूर्ण होईल, असे तिला सांगण्यात आले होते. तिच्या घरी हरिपंडितांनीच स्वयंपाक केला व नाथ जेवले. भोजनानंतर नाथांनी आपली उष्टी पत्रावळ उचलण्यास पुत्रास सांगितले. हरिपंडितांनी एक उचलली तो खाली दुसरी, दुसरी उचलली तो खाली तिसरी. अशा सहस्र पत्रावळी निघाल्या, असे चरित्रकार वर्णन करतात. हरिपंडितांचा अभिमान गळाला. त्यांनी पित्याचे पाय धरले व पुन्हा मराठीतून पुराण सांगण्याची विनंती केली. वाडा पुन्हा श्रोत्यांनी भरून गेला.

या कथेत नाथांनी पुत्राशी वादविवाद केला नाही, की आपला अधिकार सांगितला नाही. त्यांनी वाट पाहिली. गरिबाघरच्या एका पत्रावळीचे मोल पुत्रास कळले, तेव्हा गरिबाच्या भाषेचे मोलही त्यास आपोआप कळले.

समाधी

आयुष्याच्या अखेरीस नाथांनी भावार्थरामायण आरंभिले. युद्धकांडाच्या ४४ अध्यायांपर्यंत त्यांची रचना आहे. पुढील भाग त्यांचे शिष्य गावबा यांनी पूर्ण केला. इ. स. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस, हरिनामाच्या गजरात, नाथांनी गोदावरीत जलसमाधी घेतली. परंपरेनुसार जनार्दनस्वामींचा जन्म व समाधी आणि गुरु-शिष्यांची भेट याच तिथीची. म्हणून नाथषष्ठी हे वारकऱ्यांचे मोठे पर्व मानले जाते. या वेळी पैठण येथे गावोगावच्या दिंड्या येतात आणि अष्टमीस काल्याने उत्सवाची सांगता होते. पैठण गावात नाथांचा राहता वाडा व गोदाकाठी समाधिमंदिर आहे. छत्रपती संभाजीनगरपासून हे क्षेत्र सुमारे ५० किलोमीटर अंतरावर आहे. आषाढी वारीस नाथांची पालखी येथूनच पंढरपुरास जाते.

भाविकांस विनंती

देवदर्शनास येणारे भाविक व देणगीदार अन्नदानाचे पुण्य जोडतात, त्याप्रमाणेच नाथांच्या परंपरेतील ही कलाही आपल्या आश्रयाची वाट पाहत असते. सप्ताहात भारूड असेल त्या रात्री अवश्य थांबावे, मुलाबाळांना सोबत आणावे. सोंग घेणारा कलावंत हा आपल्यासारखाच दिवसभर राबलेला माणूस असतो. त्याला मिळालेली शांत, जाणती श्रोतृमंडळी हेच त्याचे मानधन होय. नाथांनी त्याच्या पूर्वजांना आपल्या काव्यात स्थान दिले. आपण त्याला अंगणात स्थान द्यावे.

श्री एकनाथ महाराजांच्या चरणी साष्टांग दंडवत.