पंडिता रमाबाई : केडगावच्या माळावरचा धर्म

आपल्या वस्त्यांत रमाबाई म्हटले की माता रमाई डोळ्यांपुढे उभ्या राहतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु याच नावाची आणखी एक कर्तबगार स्त्री महाराष्ट्रात होऊन गेली. जग तिला पंडिता रमाबाई म्हणून ओळखते. तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला म्हणून पुण्यातील सनातन्यांनी तिला दूषणे दिली, तर पुष्कळ सुधारकांनीही नंतर तिच्यापासून अंग काढून घेतले. १९५६ च्या धम्मक्रांतीचा वारसा सांगणाऱ्या आपण मात्र हे चरित्र निराळ्या नजरेने वाचले पाहिजे. धर्म बदलल्यानंतर माणूस प्रत्यक्षात काय करतो, हा प्रश्न जसा तिचा होता तसा आपलाही आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि त्यापायी धर्ममार्तंडांचा रोष ओढवून घेतला. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी भटकले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. दानधर्म, उपासतापास, तीर्थयात्रा सारे यथासांग करूनही देव धावून आला नाही, याची नोंद त्या तरुण मुलीच्या मनात कायमची झाली. भाऊ श्रीनिवास याच्यासह तिने अर्धा देश पायी तुडविला. १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. मात्र शास्त्रे जसजशी खोल वाचली, तसतसे तिला कळत गेले की स्त्री आणि शूद्र यांना तुच्छ लेखण्याबाबत एरव्ही परस्परांशी भांडणाऱ्या ग्रंथांचे आश्चर्यकारक एकमत आहे.

भाऊ वारल्यानंतर १८८० मध्ये तिने बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मणांच्या लेखी शूद्र होते. म्हणजे हा आंतरजातीय विवाह होता, तोही त्या काळात! दीडदोन वर्षांतच पटकीने पतीचे निधन झाले आणि कन्या मनोरमा हिला घेऊन रमाबाई १८८२ मध्ये पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टरांची मागणी मांडली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथील ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनमधील एका आश्रमात नेले. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तेथे सन्मानाने शुश्रूषा होत होती. आपल्याकडे अशा स्त्रीला शास्त्रात केवळ शिक्षा सांगितलेली, हे रमाबाईंना तोंडपाठ होते. या भगिनी असे का वागतात, हे विचारताना त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची कथा समजली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. यात आमिष नव्हते. ग्रंथांची तुलना आणि डोळ्यांनी पाहिलेले आचरण होते. बाप्तिस्म्यानंतरही त्या कोणाच्या दावणीला बांधल्या गेल्या नाहीत. काय मानावे आणि काय शिकवावे हे ठरविण्याचा बिशपांचा अधिकार त्यांनी नाकारला आणि त्यावरून आपल्या हितचिंतक भगिनींशीही वाद घातला. पुण्यात गदारोळ माजला असताना क्रांतिबा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

अमेरिकेत निधी उभारून रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. सदनातील विधवा गोदूबाई यांनीच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. परंतु येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि तेथे जातीचे आचार पाळण्याची मुभा होती. १८९३ मध्ये काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या गेल्याचे कळताच रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे किड्यामुंगीसारखी मरत असल्याच्या वार्ता आल्या, आणि वीसबावीस वर्षांपूर्वीची स्वतःच्या आईवडिलांची उपासमार रमाबाईंना आठवली. त्या स्वतः निघाल्या. मुंबईहून त्या प्रांताकडे जाणारा लोहमार्ग आपल्या जळगाव-भुसावळवरूनच जातो. दुष्काळी छावण्यांत अन्नासाठी मुलींची अब्रू विकली जात असल्याचे पाहून त्यांनी शेकडो मुली-स्त्रियांना आणले. त्या केवळ हाडांचे सापळे होत्या. अंगावर चिंध्या, डोक्यात उवा, शरीरभर फोड. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून दौंडजवळच्या केडगावच्या जमिनीवर तंबू ठोकले गेले. तेथेच 'मुक्ती' उभी राहिली. येणारीची जात विचारून दार उघडण्याची पद्धत तेथे राहिली नाही. माझ्या मते रमाबाईंच्या धर्मांतराला खरा अर्थ आला तो इंग्लंडात नव्हे, येथे. पुण्याच्या प्लेग छावणीत स्त्रियांची जी विटंबना होत होती, तिच्याविरुद्धही त्यांनी १८९७ मध्ये वृत्तपत्रातून जाहीर आवाज उठविला. राज्यकर्ते स्वधर्मीय आहेत म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

आमच्या खानदेशातील जुनी माणसे ज्याला छप्पन्याचा दुष्काळ म्हणत, त्या १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या आणि मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. इतक्या जिवांना केवळ भाकरी घालून भागत नाही, हे वसतिगृह चालविणारा कोणीही सांगेल. तेथे विहिरी खोदल्या गेल्या, शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना सुरू झाला आणि मुली ती कामे शिकल्या. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' निघाले. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकविली.

मुक्तीत उपासना फार कडक होती आणि आश्रयासाठी आलेल्या अनाथ मुलीला श्रद्धा निवडण्याचे स्वातंत्र्य कितपत उरत असेल, ही शंका रास्तच आहे. बुद्धिप्रामाण्य मानणाऱ्या आपल्याला १९०५ नंतरचे तेथील भावावेशपूर्ण प्रार्थनांचे पर्व पटणारही नाही. तरीही उकिरड्यावर पडलेल्या पोरीला उचलून तिच्या हाती पाटी देणाऱ्या बाईला आपण कोणत्या तोंडाने धर्मवेडी म्हणावे?

उत्तरायुष्यात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही समजावी अशी साधी भाषा त्यांना हवी होती. संस्कृतप्रचुर मराठीचा पंडितेनेच केलेला हा त्याग मला मोलाचा वाटतो. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे निधन झाले. एकुलत्या एका लेकीच्या मृत्यूनंतरही रमाबाई भाषांतराचे काम तपासत राहिल्या आणि ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या मुलींनी त्यांच्या पश्चात ते संपूर्ण छापून काढले.