कुकरची शिट्टी, घरातला बॉयलर आणि कंगाल होऊन मेलेला डेनिस पापिन

डिसेंबरातली सकाळ. इंग्लंडमधल्या एखाद्या गावात एक मराठी कुटुंब झोपेतून उठतं. घर गारठलेलं, नळाला बर्फासारखं पाणी, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यावर फक्त एक अक्षर आणि एक आकडा चमकतोय: एफ१. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो जातो. कुणी सांगतं रिसेट मार, कुणी सांगतं हात लावू नकोस, कुणी तिसराच उपाय सांगतं.

त्याच वेळी इकडे पुण्यात त्यांच्या आईने कुकर लावलेला असतो. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद.

आता हा डबा आणि हा कुकर, दोघांचा पूर्वज एकच माणूस आहे असं सांगितलं तर? नाव डेनिस पापिन. फ्रेंच लोक हे नाव वेगळ्या पद्धतीने उच्चारतात, पण आपल्याकडे शाळेच्या पुस्तकापासून पापिनच रुळलंय, तर तेच ठेवू.

पापिनचा जन्म २२ ऑगस्ट १६४७ चा, फ्रान्समधल्या ब्लोआ शहराजवळचा. घर प्रोटेस्टंट पंथाचं, आणि राज्य कॅथलिक राजाचं. ही एक गोष्ट त्याला आयुष्यभर नडली. शिक्षण डॉक्टरकीचं झालं, १६६९ मध्ये अँजे विद्यापीठातून पदवीही मिळाली, पण रोग्याच्या नाडीपेक्षा यंत्रांत जीव जास्त. तो पॅरिसला गेला आणि ख्रिश्चन हायगेन्स या बड्या शास्त्रज्ञाचा मदतनीस झाला.

हायगेन्सच्या डोक्यात तेव्हा भलतंच खूळ होतं. नळकांड्यात बंदुकीची दारू उडवायची, आतली हवा बाहेर फेकायची आणि मग बाहेरच्या हवेच्या दाबाने दट्ट्या खाली ओढून काम करून घ्यायचं. पापिन त्यात हाताने राबला. अडचण एकच होती, दारू उडवली तरी थोडी हवा आत राहायचीच. हा सल त्याच्या डोक्यात राहिला, तो पुढे कामाला आला. पॅरिसमध्येच त्याची लाइबनिझशी ओळख झाली, आणि ती शेवटपर्यंत पत्रांतून टिकली.

१६७५ मध्ये पापिन लंडनला पोचला. तिथे रॉबर्ट बॉईलबरोबर हवा उपसण्याच्या पंपावर काम केलं. हवेचा दाब कमी केला की काय होतं हे रोज बघणाऱ्या माणसाला उलटा प्रश्न पडणारच. दाब वाढवला तर?

१६७९ मध्ये त्याने रॉयल सोसायटीसमोर उत्तर मांडलं. जाड धातूचं एक भांडं, त्यावर स्क्रूने घट्ट आवळलेलं झाकण. आत पाणी आणि हाडं. वाफेला बाहेर पडायला जागा नाही, म्हणून दाब वाढतो, आणि दाब वाढला की पाणी १०० अंशांवर उकळायचं नाकारतं. (आपल्या घरच्या कुकरात ते १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून तूरडाळ वीस मिनिटांत शिजते.) पापिनच्या भांड्यात टणक हाडं इतकी मऊ होत की त्यांचा रस काढून खाता येई. फेकून दिलेल्या हाडांतून गरिबाचं पोट भरावं, आणि तेही थोडक्या कोळशात, असा त्याचा हिशेब होता.

पण असं बंद भांडं म्हणजे बॉम्बच. झाकण घट्ट आहे, खाली आग आहे, आत काय चाललंय ते दिसत नाही. इथे पापिनने जे केलं ते मला कुकरपेक्षाही मोठं वाटतं.

त्याने झाकणाला एक छोटं भोक पाडलं आणि त्यावर झडप बसवली. झडपेवर एक आडवी दांडी, आणि दांडीवर पुढेमागे सरकवता येणारं वजन. आतला दाब ठरावीक मर्यादेपर्यंत गेला की झडप आपोआप उचलली जाणार, वाफ फुसकन बाहेर, दाब कमी, झडप पुन्हा खाली. हीच ती सेफ्टी व्हॉल्व्ह. वजन कुठे आहे यावरून आत किती दाब आहे तेही कळायचं.

आणि उष्णता किती झाली ते कसं ओळखायचं? झाकणावरच्या खळग्यात तो पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि लंबकाच्या झोक्यांनी मोजायचा, थेंब किती वेळात उडून जातो. थेंब लवकर उडाला म्हणजे आत जास्त तापलंय. भांडं न उघडता भांड्याच्या पोटातली खबर! तुमच्या बॉयलरवरचा कोड दुसरं काय करतो?

यंत्राची हवा चांगलीच झाली. १६८२ च्या एप्रिलमध्ये रॉयल सोसायटीच्या काही सभासदांनी एक जेवण झोडलं, ज्यात मासे आणि मांस सगळं पापिनच्या भांड्यांत शिजलं होतं. तारीफ झाली, पण पैसा काही आला नाही.

मधली काही वर्षं तो व्हेनिसला राहून परत लंडनला आला. आणि १६८५ मध्ये चौदाव्या लुईने फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांचं उरलंसुरलं संरक्षण काढून घेतलं. पापिनसाठी गावाची वाट बंद झाली. पुढे जर्मनीत मारबुर्गला गणिताचा प्राध्यापक झाला, आपल्याच नात्यातल्या एका विधवेशी लग्न केलं, मग कासेलच्या राजाकडे चाकरी.

या जर्मन वर्षांतलंच त्याचं सर्वात दूरवर पोचलेलं काम. १६९० मध्ये त्याने तो जुना सल बाहेर काढला. दारू नको, वाफ वापरू. नळकांड्यात थोडं पाणी उकळवलं की वाफ दट्ट्या वर ढकलते. आग काढून घेतली की वाफेचं पुन्हा पाणी होतं, आत पोकळी उरते आणि बाहेरची हवा दट्ट्या खाली दाबते. अडीच इंच रुंदीच्या नळीने साठ पौंड वजन उचलून दाखवलं. १७१२ मध्ये न्यूकोमेनचं इंजिन इंग्लंडमध्ये खाणीतलं पाणी उपसू लागलं, ते याच तत्त्वावर.

कासेलमध्ये मात्र त्याचं बस्तान बसेना. १७०७ च्या सप्टेंबरात त्याने वल्ह्यांच्या चाकांची एक होडी बांधली, बायकोमुलं आणि सामान घेतलं आणि फुल्डा नदीतून निघाला. ही वाफेवर चालणारी होडी होती असं अनेक ठिकाणी छापलेलं सापडेल, पण तसं नव्हतं. चाकं माणसंच फिरवत होती. म्युंडेन गावाशी नावाड्यांच्या संघटनेने ती अडवली. त्या पाण्यावर फक्त आमचा हक्क, म्हणाले, आणि होडी मोडून टाकली.

पापिन कसाबसा लंडनला पोचला. बॉईल गेलेला, जुने ओळखीचे लोक विरलेले, रॉयल सोसायटीच्या खुर्चीवर न्यूटन. पापिन एकामागून एक कल्पना मांडत राहिला, पण प्रयोगांसाठी पैसा मिळेना.

त्याची झडप मात्र मार्गी लागली. थॉमस सॅव्हरीचा वाफेवरचा पंप याच काळात आला होता, त्याला अशी झडप नव्हती. ती नंतर देसाग्युलिए या शास्त्रज्ञाने बसवली. पुढे आगगाडी आली, गिरण्या आल्या, आणि जिथे बॉयलर तिथे पापिनची झडप हा नियमच झाला.

माणसं मात्र माणसंच. १८३१ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात एका नव्या कोऱ्या रेल्वे इंजिनाच्या फायरमनला झडपेतून येणाऱ्या वाफेच्या आवाजाचा वैताग आला. त्याने झडप दाबून बंद केली. आवाज थांबला. थोड्या वेळाने बॉयलर फुटला आणि तो फायरमन त्यात गेला.

आता पुन्हा त्या डिसेंबरातल्या घरात चला. ब्रिटनमधल्या घरगुती बॉयलरमध्ये थंड असताना पाण्याचा दाब साधारण १ ते १.५ बार असतो. ३ बारला पापिनची झडप उघडते आणि पाणी भिंतीबाहेरच्या तांब्याच्या नळीतून बाहेर पडतं. त्या नळीतून थेंब थेंब गळताना दिसलं तर नळीचं तोंड बंद करायची बुद्धी कृपया होऊ देऊ नका. भरण्याचा नळ अर्धवट उघडा राहिलाय का ते बघा. तो बंद असूनही गळत असेल तर इंजिनिअर बोलवा.

उलट दाब कमी झाला तर आयडियल कंपनीचा बॉयलर एफ१ दाखवतो, व्हायलंटचा एफ२२. पुस्तिकेत दिलंय तसं भरण्याच्या नळाने दाब पुन्हा १ ते १.५ वर आणणं हे घरच्या माणसाचं काम आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण चार दिवसांत काटा पुन्हा खाली आला तर पाणी कुठेतरी जातंय. रोज भरत बसून गळती बरी होत नाही.

तिसरा प्रकार ज्योत न पेटण्याचा. व्हायलंटवर एफ२८, वुस्टर बॉशच्या बऱ्याच मॉडेलांवर ईए. आधी गॅस चालू आहे का, प्रीपेड मीटरमध्ये पैसे आहेत का ते बघा. कडाक्याच्या थंडीत पाणी बाहेर टाकणारी प्लॅस्टिकची नळी गोठलेली असू शकते, तिच्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नको. मग रिसेट एकदा. तरी कोड आला तर बोट बाजूला आणि फोन हातात. बॉयलर पेटायला नकार देतोय त्याला कारण आहे, आणि दहा वेळा रिसेट दाबणारा माणूस त्या फायरमनचाच भाऊबंद.

पुढचा प्रकार कोडची वाट बघण्याचाच नाही. गॅसचा वास, निळ्याऐवजी पिवळी काजळी धरणारी ज्योत, किंवा घरात सगळ्यांचं एकदम डोकं दुखणं आणि मळमळणं. यातलं काहीही दिसलं तर विजेच्या बटणांना हात न लावता खिडक्या उघडा, जमत असेल तर गॅस बंद करा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या ब्रिटनच्या गॅस आणीबाणी क्रमांकावर फोन करा. बॉयलरचं झाकण उघडून गॅसचं काम करायला तिथे कायद्याने गॅस सेफ नोंदणी असलेलाच माणूस लागतो. ओळखीतला हुशार भाचा चालत नाही.

इकडे भारतात बाथरूममधल्या विजेच्या गिझरलाही हीच झडप असते. तिच्यातून पाणी ठिबकतं म्हणून प्लंबरकडून ती बंद करून घेणारी घरं कमी नाहीत. आणि गॅस गिझर बंद बाथरूममध्ये लावून आंघोळ करणं किती महागात पडतं, ते दर हिवाळ्यात बातम्यांतून दिसतंच.

पापिनचं शेवटचं पत्र २३ जानेवारी १७१२ चं आहे. तेव्हा तो अगदी कंगाल झाला होता. त्यानंतर तो नाहीसाच झाला, आणि कुठे, कधी गेला हे कुणाला ठाऊक नाही असंच खूप काळ लिहिलं जायचं. पण लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या सेंट ब्राइड्स चर्चच्या जुन्या दफन नोंदवहीत डेनिस पापिन हे नाव सापडलं. तारीख २६ ऑगस्ट १७१३. सहासष्टावा वाढदिवस होऊन चारच दिवस झाले होते.