पाच वर्षांची विनवणी

परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला जाणाऱ्यांत स्वतःसाठी काहीच न मागणारेही असतात. घरातले कोणी खचले आहे, जेवत नाही, बोलत नाही, रात्र रात्र जागे आहे. त्याच्यासाठी नवस बोलायचा असतो. पुष्कळ ख्रिस्ती घरांत नवस नसतो. तिथे रात्री सारे एकत्र बसतात आणि त्या माणसाचे नाव घेऊन प्रार्थना होते. काळजी दोन्हीकडे एकच. पण ते माणूस आपल्याच देवामुळे खचले असेल तर? आपल्या मराठीतल्या एका मोठ्या कवीवर हा प्रसंग आला होता.

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८८० मध्ये त्यांचे लग्न झाले ते नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी. ती अकरा-बारा वर्षांची. लक्ष्मी हे तिचे सासरचे नाव. टिळक बुद्धिमान, उदार आणि तितकेच लहरी. हातातले पैसे भेटेल त्याला देऊन टाकायचे आणि मनात आले की न सांगता घर सोडून जायचे. बायकोला अक्षरओळख करून दिली तीही त्यांनीच. पण जोडाक्षरांशी लक्ष्मीबाईंचे वैर जन्मभर राहिले.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने टिळकांना नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. डोंगरावरच्या प्रवचनाने टिळक भारावले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. त्याआधी मुले दगावलेली. उरलेला दत्तू जेमतेम चार वर्षांचा. बातमी आली आणि घरावर सुतक आल्यासारखे झाले. नवरा जिवंत, पण मेल्याहून परका. लक्ष्मीबाईंची अन्नावरची वासना उडाली, मन ठिकाणावर राहिना. घरच्यांना त्यांच्या जिवाचीच धास्ती वाटू लागली.

इथे टिळकांना सहज माफ करता येत नाही. धर्म हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न, हे खरे. पण त्या काळी पुरुषाने जात सोडली की किंमत मोजायची ती मागे राहिलेल्या बाईने. कपाळी कुंकू असून सवाष्णींच्या पंगतीत तिची जागा डळमळायची. टिळकांना हे कळत नव्हते असे नाही.

म्हणूनच पुढची पाच वर्षे ते कसे वागले हे पाहण्यासारखे आहे. धर्मांतरामुळे जोडीदार दुरावला तर कोर्टातून विवाह मोडून घेऊन दुसरे लग्न करण्याची सोय १८६६ च्या कायद्याने नवख्रिस्त्यांना केली होती. टिळक ऐन तिशीत होते. त्यांनी ती वाट धरली नाही. अहमदनगरला (म्हणजे आजच्या अहिल्यानगरला) मिशनच्या कामात राहून ते पत्रे लिहीत राहिले आणि प्रार्थना करीत राहिले. खचलेल्या माणसासाठी देवाला साकडे घालणे सोपे. त्याला वेळ देणे कठीण. प्रार्थना ओठांवर आहे आणि हात मात्र कोर्टाच्या अर्जावर सही करतो आहे, असे त्यांचे झाले नाही. त्या प्रार्थनेला वजन आले ते मला वाटते त्यामुळेच.

लक्ष्मीबाई तेव्हा दत्तूला घेऊन बहिणीकडे पंढरपुरात. म्हणजे इकडे विठोबा, तिकडे ख्रिस्त. टिळकांच्या मनात मात्र या दोघांत दरी नव्हती. तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते मानीत, आणि त्यांची ख्रिस्ती भजने अभंगाच्याच चालीने चालतात. दुःखाच्या त्या दिवसांत लक्ष्मीबाईही कविता करू लागल्या. मनाला वाट मिळाली ती तिथे.

पुढे त्या नगरला आल्या, पण शरण म्हणून नव्हे. आपले सोवळे, आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवून आल्या. टिळकांनी ते चालवून घेतले. उतावळ्या माणसाला हे किती जड गेले असेल! राहुरीला एकदा विचार करता करता लक्ष्मीबाईंनाच प्रश्न पडला, की जातीपाती देवाने केल्या की माणसांनी? उत्तर मिळाले आणि सोवळे सुटले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने ओढून नेले म्हणून त्या गेल्या नाहीत. स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळी गेल्या.

मग त्या घरात दुष्काळातली अनाथ पोरे वाढली, भांडणे झाली, भजने झाली. १९०४ मध्ये टिळक रेव्हरंड झाले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत डोळे मिटले. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' अपुरेच राहिले होते. ते पुढे नेले ते जोडाक्षरांना भिणाऱ्या लक्ष्मीबाईंनी. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, आईच्या या लेखनाला हातभार लावला. ताटातुटीचे ते दिवस त्यात आहेत, आणि नवऱ्याचा हट्ट झाकलेला नाही तसा स्वतःचाही झाकलेला नाही. वाचताना डोळ्यांत पाणी येते, आणि दुसऱ्याच ओळीवर बाई हसवून सोडतात.